कापसाचा पेळू आणि येरवड्याचें चक्र

कापसाचा पेळू दोन्ही हातांच्या चिमटींत धरून हलकेंच ओढला तर तो कसलाही विरोध न करतां दुभंगतो. त्याच पेळूला ओढतां ओढतां पीळ दिला कीं त्याचें सूत होतें, आणि तेंच सूत नुसत्या हातानें तोडूं गेल्यास बोट कापण्याची पाळी येते. मध्यंतरीं त्यांत कोणताही नवा पदार्थ मिसळलेला नसतो. डिंक नाहीं, खळ नाहीं, गांठ नाहीं. कापसाचा तंतु उणापुरा इंचभर लांब. जुन्या देशी जातींत तर तो पाऊण इंचाच्या आसपासच असे. असे इंचभर लांबीचे तुकडे नुसते शेजारीं शेजारीं ठेवून हजारों वार लांब सूत टिकतें कसें, हा प्रश्न रोज धोतर नेसणाऱ्याला किंवा लुगडें नेसणारीला सहसा पडत नाहीं. तो ज्यांना पडला, त्यांपैकीं कांहीं युरोपांतील पंडित होते आणि कांहीं पुण्यांत व पुण्याच्या तुरुंगांत सूत कांतीत बसलेले होते.

गॅलिलिओनें १६३८ सालीं लायडन येथें छापविलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथांत हा प्रश्न संवादाच्या रूपानें मांडला आहे. (त्या वर्षीं शिवाजीमहाराज आठ वर्षांचे होते.) दोनतीन हात लांबीच्या तंतूंपासून शंभर हात लांब दोर होतो, आणि तो ताणला तर तंतु सुटून न येतां तुटतात, याचें कारण काय? गॅलिलिओचें उत्तर असें कीं, पिळामुळें तंतु एकमेकांस जखडून टाकतात. उत्तर बरोबर होतें. पण जखडणें म्हणजे नेमकें काय, तें कळण्यास घर्षणाचे नियम हवे होते. ते १६९९ मध्यें गिलोम आमोंतों यानें पॅरिसच्या विद्वत्सभेपुढें मांडले. दोन वस्तूंमधील घर्षण त्यांवरील दाबाच्या प्रमाणांत वाढतें, आणि स्पर्शाचें क्षेत्र दिसावयास लहान असो वा मोठें, त्यानें फरक पडत नाहीं, असा त्यांचा आशय होता. पुढें अठराव्या शतकांतच ऑयलर यानें खुंटाभोंवतीं गुंडाळलेल्या दोराचें गणित सोडविलें. भाऊच्या धक्क्यावर एखादा खलाशी खुंटाला दोराचे तीनचार वेढे देऊन एका हातानें भरलेलें गलबत थोपवून धरतो, तें याच गणिताच्या जोरावर. वेढे एकाएकानें वाढतात, पण पकड मात्र पटीनें वाढत जाते.

आतां सुताकडे पाहावें. पीळ दिलेल्या सुतांत प्रत्येक तंतु मळसूत्राप्रमाणें तिरपा गेलेला असतो. सूत ताणलें कीं बाहेरचे तंतु सरळ होऊं पाहतात आणि तसें करतांना आंतल्या तंतूंना आवळतात. आवळल्यानें दाब वाढतो, दाबानें घर्षण वाढतें, आणि घर्षणामुळें तंतु जागचा हालत नाहीं. म्हणजे ज्या ओढीनें सूत तुटावयाचें, तीच ओढ त्याला घट्ट करते. शत्रूच्याच बळावर तट उभारण्याचा हा प्रकार आहे. मात्र त्याला मर्यादा आहे. पीळ कमी पडला तर तंतु घसरून सूत सुटतें. पीळ फार झाला तर तंतु इतके तिरपे होतात कीं ओढीच्या दिशेनें त्यांचें बळच उरत नाहीं, आणि सूत सैल सोडतांच स्वतःभोंवतीं आंटे घेऊं लागतें. नवशिक्याचें सूत बहुधा या दोहोंपैकीं एका दोषानें मरतें. कित्येकदां एकाच वीतभर सुतांत दोन्ही दोष सांपडतात.

आमोंतोंचे नियम शाळेच्या पुस्तकांत आजही जवळजवळ त्याच शब्दांत असतात, आणि लांकडाच्या ठोकळ्यापुरते ते ठीकच आहेत. कापसाला ते पुरतेपणीं लागू पडत नाहींत. तंतु मऊ असल्यामुळें जेथें तो दुसऱ्याला टेकतो तेथें जरासा दबतो, आणि खरें स्पर्शक्षेत्र दाबाबरोबर एका वेगळ्याच प्रमाणांत बदलतें. परिणाम असा कीं, दाब दुप्पट केला तरी घर्षण दुपटीपर्यंत पोहोंचत नाहीं. उलट दाब अगदीं हलका केला तरी घर्षण त्या मानानें उतरत नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यास बाउडन व टेबर यांनीं घर्षणाचें हें मर्म उलगडलें, आणि १९५९ मध्यें हॉवेल, मिस्किस व टेबर यांनीं केवळ वस्त्रतंतूंच्या घर्षणावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. हलक्या स्पर्शालाही घर्षण सुटत नाहीं, ही गोष्ट पिंजाऱ्याला मात्र ग्रंथावांचून ठाऊक होती. न पिळलेला पेळू हातांत धरतां येतो तो तिच्यामुळें, आणि कापसांत गुठळ्या होतात त्याही तिच्यामुळेंच.

लोकरीचा न्याय आणखी निराळा. लोकरीच्या केसावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात आणि त्यांचीं तोंडें केसाच्या टोंकाकडे असतात. म्हणून केस एका दिशेनें सहज सरकतो आणि उलट दिशेनें अडतो. एक केस चिमटींत धरून त्याच्या लांबीच्या दिशेनें बोटें मागेंपुढें चोळलीं तर तो आपोआप मुळाच्या दिशेनें चालूं लागतो. ओली लोकर तुडविली कीं प्रत्येक केस असा आपल्या वाटेनें घुसत जातो, परत येऊं शकत नाहीं, आणि सूत वा माग यांवांचून बुरणूस तयार होतो. फ्रेंच गणिती मोंज यानें १७९० मध्यें ही उपपत्ति मांडली. कापसाच्या तंतूवर खवले नसतात. त्याला निसर्गानें दिलेल्या वळ्या असतात, पण त्या दोन्ही दिशांना सारख्याच. म्हणून कापसाला चरख्यावांचून गति नाहीं.

पुण्याच्या जुन्या पेठांतून उन्हाळ्यांत पिंजणीच्या तांतीचा टणत्कार ऐकूं येई. पिंजारी दारीं येई, वर्षभर निजून दगड झालेली गादी उसवी, आणि लांकडी मोगरीनें तांतीवर घाव घालून तोच कापूस ढगासारखा करून पुन्हां भरी. कापूस जुना, वजन तेवढेंच, आणि गादी मात्र नवी. असें कां होतें? राशींतील प्रत्येक तंतु शेजारच्या तंतूंवर ठिकठिकाणीं टेकलेला असतो. दोन टेंकूंमधील त्याचा भाग म्हणजे एक अतिसूक्ष्म तुळई. भार पडला कीं या तुळया वांकतात. वांकल्या कीं नवे स्पर्श होतात, टेंकू जवळजवळ येतात, तुळया आंखूड होतात. आणि आंखूड तुळई वांकविणें कठीण असतें. म्हणून रास आरंभीं बोटानें दबते आणि पुढें गुडघ्यालाही दाद देत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील व्हॅन वाइक यानें १९४६ मध्यें लोकरीच्या राशीसाठीं हें गणितांत बसविलें. त्याप्रमाणें, चांगली दाबलेली रास पुन्हां निम्म्या आकारांत कोंबावयाची तर दाब दुपटीनें नव्हे, सुमारें आठपटीनें वाढवावा लागतो. त्याच्या गणितांत तंतूंचें एकमेकांवरून सरकणें मात्र धरलेलें नव्हतें. प्रत्यक्षांत ते सरकतात, आणि भार काढल्यावर घर्षण त्यांना नव्या जागींच धरून ठेवतें. रास पुरती उसळून वर येत नाहीं ती यामुळें. पिंजाऱ्याची थरथरणारी तांत हे नवे स्पर्श एकेक करून तोडते, एवढेंच तिचें काम.

गादीची ही गोष्ट घरगुती झाली. तीच मोठ्या प्रमाणावर घडली तेव्हां तिनें देशाच्या अर्थकारणाला हात घातला. जहाजाचें भाडें मालानें अडविलेल्या जागेवर ठरे, आणि सुटा कापूस म्हणजे बहुतांशीं हवाच. हवा विलायतेला नेण्याचें भाडें कोण देणार? म्हणून मुंबईस कुलाब्याला कापूस दाबण्याचे कारखाने निघाले. प्रथम माणसांच्या बळावर फिरणारे मळसूत्री दाबे, नंतर पाण्याच्या दाबावर चालणारीं यंत्रें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्यें रेल्वे नागपूरपर्यंत पोहोंचली. आणि वऱ्हाड-खानदेशांत गांवोगांव जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. लोखंडी पट्ट्यांनीं आवळलेल्या ३९२ पौंडी गांसड्या परदेशीं जाऊं लागल्या. (आज भारतांत गांसडी १७० किलोची धरतात.) महिनोन् महिने वांकून राहिलेला तो कापूस पट्ट्या तोडल्यावर फुगे, पण पूर्वस्थितीस येत नसे, त्यांत कठीण खपल्या राहत. गिरणीला त्याची पर्वा नव्हती. लोखंडी दांड्यांनीं झोडपून तो मोकळा करणारीं यंत्रें तिच्यापाशीं होतीं. घरच्या पिंजणीजवळ तें बळ कोठून असणार? म्हणून पुढें खादीचे कार्यकर्ते गांसडीचा कापूस टाळा, गांवांतला कापूस घ्या, सरकी हातानें काढा, असें सांगत. त्यांत स्वदेशीचा अभिमान होताच, पण तंतूंच्या दबण्याचें शास्त्रही होतें.

पुण्यांत या विषयाला देशकार्याचें रूप प्रथम दिलें तें गणेश वासुदेव जोशी यांनीं. १८७० मध्यें सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि तिच्यासाठीं खपतां खपतां हे वकील ‘सार्वजनिक काका’ झाले. १८७२ सालीं त्यांनीं स्वदेशी कापडच वापरण्याचें व्रत घेतलें, आणि तें नुसतें बोलण्यापुरतें ठेवलें नाहीं. ते स्वतः सूत कांतीत. १८७७ च्या दिल्ली दरबारांत राजेमहाराजे जरीकिनखाब लेवून बसले असतां सभेचे हे प्रतिनिधि शुभ्र खादीच्या पोषाखांत उपस्थित होते. गांधींचा चरखा दिसण्यास अजून तीन तपांहून अधिक काळ जावयाचा होता. १८८० मध्यें काका निवर्तले. त्यांच्यामागें चरखा चालविणारे फारसे कोणी राहिले नाहीत, आणि त्याचें कारण केवळ लोकांची उदासीनता हें नव्हे. मँचेस्टरचें सूत स्वस्त होतें आणि सारखेंही होतें. हातसूत मागावर तुटे. आणि ताणा पुन्हां पुन्हां तुटूं लागला कीं विणकराचा दिवस फुकट जातो. विणकर हातसूत नाकारी, तो देशद्रोहानें नव्हे, पोटासाठीं नाकारी.

येथें कांतण्याची क्रिया जरा जवळून पाहिली पाहिजे, कारण साऱ्या वादाचें मूळ तींत आहे. चांगला कांतणारा डाव्या चिमटींत पेळू धरून हात मागें नेतो, उजवा हात चाक फिरवितो. पेळूंतून निघणारा धागा एकसारखा नसतो. कोठें जाड, कोठें बारीक. चातीवरून येणारा पीळ प्रथम बारीक जागीं धांवतो, कारण बारीक जागा पिळणें सोपें. पीळ बसला कीं ती जागा घट्ट होते आणि आणखी ताणली जात नाहीं. जाड जागीं पीळ अजून पोहोंचलेला नसतो, तेथें तंतु अद्याप निसरडे असतात; म्हणून ओढ तेथेंच लागूं होते आणि जाड जागा ताणून बारीक होते. मग तिच्यांतही पीळ शिरतो. घर्षण असें स्वतःच सुताची प्रत सुधारीत जातें. मात्र हें सर्व एका क्षणांत, आणि चिमटीच्या दाबावर अवलंबून. चिमट जरा घट्ट झाली कीं तंतु सुटत नाहींत, सैल झाली कीं पीळ पेळूंतच शिरतो आणि काम बिघडतें. कसलेल्या कातकरणीचीं बोटें क्षणोक्षणीं घर्षण मोजीत असतात. त्या मोजणीला आंकडे नव्हते, एवढेंच.

यंत्रानें हें काम निराळ्या रीतीनें केलें. इंग्लंडांत १७३८ मध्यें पॉल व वायट यांनीं आणि १७६९ मध्यें आर्कराइट यानें रुळांच्या जोड्या वापरल्या. मागली जोडी हळू फिरते, पुढली जलद. मधल्या मध्यें पेळू ताणला जातो. रुळांना बोटांसारखी जाण नसते. म्हणून दोन जोड्यांमधील अंतर तंतूच्या लांबीशीं जुळवून ठेवावें लागतें. त्याहून आंखूड तंतु मागल्या रुळांनीं सोडलेला आणि पुढल्यांनीं न पकडलेला, असा अधांतरीं राहतो, आणि शेजाऱ्याच्या घर्षणानें वाटेल तेव्हां झुबक्यानें पुढें ओढला जातो. सूत तेथें जाड होतें आणि त्याच्या मागें बारीक. लांब व एकसारख्या तंतूचा आग्रह गिरण्या धरीत. आंखूड देशी कापसाला त्या नाक मुरडीत, त्याचें हेंही एक कारण होतें.

मार्च १९२२ मध्यें गांधींना सहा वर्षांची शिक्षा होऊन येरवड्यास आणण्यांत आलें. तुरुंगांतील त्यांच्या दिनक्रमांत वाचन-लेखनाखालोखाल सुमारें चार तास पिंजण्याकांतण्याचे असत. जानेवारी १९२४ मध्यें ससून रुग्णालयांत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारींत सुटका. त्याच वर्षीं मुंबईस माटुंग्याला मध्यवर्ती कापूस समितीची प्रयोगशाळा निघाली. आज तिला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणतात. एकीकडे कैदी, दुसरीकडे सरकारी शास्त्रज्ञ. दोघांच्या पुढ्यांत एकच प्रश्न होता, सुताचें बळ येतें कोठून? प्रयोगशाळेचे पहिले संचालक टर्नर यांनीं १९२८ मध्यें या विषयावर निबंध लिहिले. सूत तुटतें तेव्हां कांहीं तंतु तुटतात आणि कांहीं नुसते घसरतात. म्हणून सुताचें बळ तंतूंच्या बळाच्या बेरजेइतकें कधींच भरत नाहीं. त्याच वर्षीं टर्नर व गुलाटी यांनीं मोहेंजोदडो येथील चांदीच्या भांड्याला चिकटलेला वस्त्राचा तुकडा तपासून तो कापसाचाच असल्याचें सांगितलें. पुढें गुलाटींनीं नेवाशाच्या उत्खननांत निघालेल्या तांब्याच्या मण्यांमधील दोराही तपासला. त्यांत रेशीम आणि कापूस दोन्ही होतें. तो अहवाल १९६१ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें छापला. तांब्याच्या क्षारांनीं तो दोरा तीन हजार वर्षें कुजूं दिला नाहीं. आणि त्यांतला पीळ कोणा अनामिक बोटांनीं दिलेला होता.

१९२९ मध्यें अखिल भारत चरखा संघानें एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. चरखा झोंपडींत हातापायांनीं चालावा. बाईमाणसाला आठ तास फार श्रम न होतां चालवितां यावा. तेवढ्या वेळांत बारा ते वीस अंकाचें सोळा हजार फूट सूत निघावें. किंमत दीडशें रुपयांहून अधिक नसावी, आणि तो वीस वर्षें टिकावा. त्या काळीं लाख रुपये म्हणजे केवढी रक्कम! महाराष्ट्रांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांत तयार झालेलें ‘काळे यंत्र’ या खटपटींत बरेंच पुढें गेलें, परंतु सर्व अटींस तें उतरलें नाहीं. बक्षीस कोणासच मिळालें नाहीं. गति वाढविणें सोपें होतें, चाकें वाढविलीं कीं झालें. अडचण होती ती ताणण्याची. झोंपडींत पिंजलेला कमीजास्त जाडीचा पेळू आणि लांबआंखूड तंतु बोटांना चालतात, रुळांना चालत नाहींत. आणि रुळांना चालेल असा पेळू हवा तर त्यासाठीं आणखी चार यंत्रें झोंपडींत आणावीं लागतात. स्वातंत्र्यानंतर एकांबरनाथ यांचा अंबर चरखा आला, त्यांत रूळ आले, आणि त्यांबरोबर पेळूसाठीं निराळीं साधनेंही आलींच.

येरवड्यांत मात्र प्रयत्न निराळ्या दिशेनें झाला. मे १९३० मध्यें मिठाच्या सत्याग्रहांत पकडल्यावर गांधी पुन्हां तेथें आले. कांहीं महिने काका कालेलकर त्यांच्या सोबतीस होते. बोटांचें काम बोटांकडेच ठेवावें आणि बाकीचें सोपें करावें, अशी ती दिशा होती. उभ्या चरख्याला चातीची गति मिळविण्यासाठीं मोठें चाक लागतें आणि तें घेऊन प्रवास होत नाहीं. त्याऐवजीं एका पेटींत दोन लहान चाकें आडवीं बसविलीं. मोठें धाकट्याला फिरवितें आणि धाकटें चातीला. समजा, पहिल्या टप्प्यांत गति आठपट झाली आणि दुसऱ्यांत दहापट, तर हाताच्या एका फेऱ्यांत चाती ऐंशी वेळां फिरेल. पण येथेंही गांठ घर्षणाशींच पडते. माळ ही नुसत्या घर्षणानें चाक ओढते. ती सैल असेल तर चातीवरून घसरते आणि पीळ कमी पडतो; फार ताणली तर आंस जाम होऊन हात भरून येतो. म्हणून माळेला राळ लावावयाची, आणि ताण बेताचा राहावा यासाठीं स्प्रिंग. म्हणजे माळेवर घर्षण हवें, आंसावर नको. चिमटींत थोडें हवें, सुतांत पूर्ण हवें. एवढ्याशा पेटींत त्या एका गुणाचे चार निराळे हिशेब संभाळावे लागतात. पुढें कारागिरांनीं आणि कार्यकर्त्यांनीं त्यांत पुष्कळ सुधारणा केल्या, पण नांव राहिलें तें ‘येरवडा चक्र’. १९३२ च्या कारावासांत कोपर दुखूं लागल्यानें गांधींनीं पायानें चालणारा मगन चरखाही तेथें वापरून पाहिला.

९ ऑगस्ट १९४२ रोजीं त्यांना पुन्हां पुण्यास आणलें, या वेळीं येरवड्याच्या तुरुंगांत नव्हे, तर जवळच्याच आगाखान महालांत. तेथें १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं, महाशिवरात्रीच्या सायंकाळीं, कस्तुरबांनीं देह ठेवला. दुसऱ्या दिवशीं महालाच्या आवारांतच त्यांना अग्नि देण्यांत आला, तेव्हां त्यांच्या अंगावर गांधींनीं स्वतः कांतलेल्या सुताची साडी होती.